पाचवीचा वर्ग गावातच हवा



या अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहावे असे आम्ही योजिले होते. परंतु गेले दोन महिने ऊस नोंदीच्या निमित्ताने ज्या ज्या गावी गेलो, तेथे पाचटाचा विषय कोणी काढीना. पारावर, डेअरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर एकच वाद चालू आहे. पाचवीचा वर्ग कुठे असावा? वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, की बाजारगावच्या हायस्कुलात? आणि आठवीचे काय करायचे? एका गावी तर यावरून भावकीत बोलाचाली बंद झाल्याचे आम्ही पाहिले. तेव्हा पाचट पुढच्या अंकी, आज शाळा.

शेतकी खात्याच्या माणसाने शाळेच्या कारभारात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर सोपे आहे. आमचे ऊस मेळावे शाळेच्या व्हरांड्यात भरतात. गावोगावची हायस्कुले उभी राहिली त्यात तुमच्या उसाच्या बिलातून झालेली कपातही आहे. आणि पोरे ज्या रस्त्याने शाळेला जातात त्याच रस्त्याने आपला ऊस कारखान्यावर येतो. संबंध आहेच.

आता वाद समजून घेऊ. आपल्याकडची जुनी मांडणी अशी, की पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून माध्यमिक. आपली वडीलधारी मंडळी अजून अभिमानाने ‘आम्ही सातवी फायनल’ म्हणून सांगतात ती याच मांडणीतली. पुढे हायस्कुलांनी पाचवीपासूनच वर्ग काढले. त्यामुळे वाडीवरची शाळा चौथीला संपायची आणि पोर पाचवीला बाजारगावी जायचे. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हा वरचे टोक बदलले, खालची मांडणी तशीच राहिली.

मग शिक्षण हक्काचा कायदा आला. कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याने पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा टप्पा धरला. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिल्या टप्प्याची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि दुसऱ्या टप्प्याची तीन किलोमीटरच्या आत हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिसरी ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशीच फोड आहे. म्हणजे पाचवी खालच्या शाळेत, हे दोन्हीकडे एकच. पण शिष्यवृत्तीची परीक्षा पाहा. चौथी-सातवीची ती परीक्षा २०१७ साली पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये ती परत चौथी-सातवीला आणायचे ठरले. सरकारचाच पाय दोन डगरींवर, मग गावात एकमत कोठून होणार?

हायस्कूलवाल्यांचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले. पाचवी गेली की तुकड्या कमी होणार, तुकड्या कमी झाल्या की शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि त्यांना कुठे लांब जावे लागेल याचा नेम नाही. त्यातले कित्येक आपल्याच सभासदांची मुले-सुना आहेत. शिवाय हायस्कुलात मैदान आहे, प्रयोगशाळा आहे, विषयाला शिक्षक आहे. वाडीवर दोन गुरुजी, ते पाच वर्गांना काय काय शिकवणार? हे म्हणणे खोटे नाही.

खोटे नाही म्हणूनच त्याचा हिशेब करून पाहू. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन. समजा वाडीच्या शाळेत चार वर्गांत ३८ मुले आहेत, शिक्षक दोन. पाचवीची नऊ मुले थांबली, पट झाला ४७. शिक्षक किती? दोनच. म्हणजे दोघांच्या पाठीवर चार वर्गांचे ओझे होते ते पाच वर्गांचे झाले. पाचवी गावात हवी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये. नुसता फळ्यावर ‘इयत्ता पाचवी’ लिहून वर्ग होत नसतो.

तरीही आमचे मत पाचवी गावातच हवी असे आहे. का, ते सांगतो.

आपण एक डोळ्याची रोपे तयार करतो. ट्रेमधले रोप तीस ते पंचेचाळीस दिवसांचे झाले की शेतात लावतो. घाई करून कोवळे लावले तर तुटाळ पडते. उलट फार दिवस ट्रेमध्येच ठेवले तर मुळ्या गुंडाळतात आणि वाढ खुंटते. पोरांचेही तसेच. दहा वर्षांचे लेकरू चार-पाच किलोमीटर एकटे पाठवणे हे कोवळे रोप लावण्यासारखे आहे. आणि तेरा-चौदा वर्षांचे पोर वाडीच्या दोन खोल्यांत अडकवणे हे मुळ्या गुंडाळू देण्यासारखे आहे.

आमच्या एका गटात हायस्कुलापासून चार किलोमीटरवर एक वस्ती आहे. तेथल्या एका सभासदाची मुलगी चौथीत वर्गात पहिली होती. जूनमध्ये हायस्कुलात पाचवीला घातली. दिवाळीपर्यंत गेली. मग गाळप सुरू झाले. अरुंद रस्ता, दोन दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारा ऊस, वर गाण्यांचा आवाज. आजी म्हणायची, ‘पोरगी दारात दिसंस्तवर जिवात जीव नसतो.’ संक्रांत झाली आणि दप्तर खुंटीला लागले. फेब्रुवारीत सुरू लागणीची नोंद घ्यायला आम्ही गेलो तेव्हा तीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. वडलांना विचारले, तर म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू साहेब.’ ते पुढचे वर्ष काही आले नाही.

त्या रस्त्याने जी वाहने धावत होती ती आमच्याच खात्याच्या तोडणी कार्यक्रमाप्रमाणे धावत होती. टनेज कसे वाढेल ते आम्ही रोज पाहतो. शाळेची वेळ आणि वाहनांची वेळ एकच आहे, हे त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. उसात तुटाळ पडली तर नांग्या भरता येतात. मुलीचे शाळेचे वर्ष गेले की ते भरून येत नाही.

दुसरी गोष्ट पटाची. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. त्याला खूप विरोध झाला, पण कमी पटाच्या शाळेवरची टांगती तलवार सर्वांनी पाहिली. ज्या वाडीचा पट सतरा-अठरा आहे तिथे पाचवीची तीन-चार मुले थांबली तर पट विसाच्या वर जातो. आज पाचवी जाऊ दिली तर उद्या पहिलीसुद्धा गावात राहील याची हमी कोणी द्यावी?

तिसरी गोष्ट आपल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांची. घरी सांभाळायला कोणी असेल किंवा गावी हंगामी वसतिगृह असेल ती मुले तिकडेच राहतात, आणि राहावीत. पण कितीतरी लेकरे आई-बापांबरोबर कोपीवर येतातच. कायद्याने त्यांना वर्षाच्या मध्येही वयाप्रमाणे वर्गात बसता येते. कोपीपासून गावची शाळा हाकेच्या अंतरावर असते. तिथे पाचवी असली तर पोर निदान जाऊन बसेल. चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात ते कधीच जाणार नाही, फडात मोळ्या बांधील. आपली साखर त्यांच्या हातून जाते, हे आपण विसरू नये.

आता आठवीविषयी. काही गावी उत्साहाच्या भरात ‘आम्हाला आठवीपर्यंत शाळा द्या’ अशी मागणी झाली आहे. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. सहावी ते आठवीसाठी कायद्याने विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे वेगवेगळे शिक्षक सांगितले आहेत. आठ-दहा मुलांच्या वर्गाला ते मिळणे कठीण. मग एकच गुरुजी बीजगणितापासून इंग्रजीपर्यंत सगळे ओढणार. त्यापेक्षा सहावीपासून पोरांनी हायस्कुलात जावे. तेथे सहावी-सातवी-आठवीचे वर्ग भरले तर पाचवी गेल्याचे नुकसानही बरेचसे भरून निघेल.

म्हणून आमच्या सूचना अशा :

पहिली, प्रत्येक वाडीने पाचवीच्या वर्गाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत करावा. हायस्कुलातून मुले काढून आणू नयेत. येत्या जूनमध्ये चौथी पास होणारी मुले गावात थांबावीत, म्हणजे हायस्कुलाच्या शिक्षकांची सोय लावायला संस्थेला अवधी मिळेल.

दुसरी, जिथे दोन गुरुजींवर पाच वर्ग पडतील तिथे गावातल्या डी.एड. झालेल्या मुला-मुलीला मदतनीस म्हणून घ्यावे. त्याचे मानधन गाव आणि कारखाना यांनी मिळून द्यावे. आम्ही नोकर माणसे, निधीविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय मांडला तर संचालक मंडळ विचार करील असा आम्हाला विश्वास वाटतो.

तिसरी, गाळप हंगामात शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तासभर वाड्यांच्या अरुंद रस्त्यांवर उसाची वाहने थांबवावीत. हे काम आमच्या खात्याचे आहे. आम्ही तसे टिपण वरिष्ठांकडे दिले आहे. तासाभराने ऊस वाळत नाही. चिटबॉयने थांबा म्हटले तर ट्रॅक्टर मालकांनी त्याच्याशी हुज्जत घालू नये, एवढी विनंती.

चौथी, सहावीपासूनच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. जिथे गाडी वेळेवर येत नाही तिथे नुसती कुरकूर न करता आगाराकडे लेखी मागणी करावी, आणि तिची एक प्रत गट ऑफिसात द्यावी. पाठपुराव्याला आमची माणसे बरोबर येतील.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच बोलतो, राग मानू नये. काट्यावर वजनात पाच किलोची खोट आली तर आपण ट्रॅक्टर आडवा लावून भांडतो, आणि भांडावेच. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जाणारे किती? रजिस्टर घरी मागवून सह्या करणारेच जास्त. त्या समितीत पाऊणपट सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे गावाने ठरवले तर निर्णय गावाच्याच हातात आहे. येत्या सभेला घरातल्या बाईमाणसासह जा. पाचवी कुठे हवी हे तिला विचारा. पोरगी घरी येईपर्यंत वाटेकडे डोळे लावून तीच बसलेली असते.

आमचे मत ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहावे. गट ऑफिसात चिठ्ठी दिली तरी चालेल, पुढच्या अंकात छापण्याची विनंती आम्ही स्वतः संपादकांना करू.

— ऊस विकास अधिकारी