पंप मोठा, वायर जुनीच

टोयोटाची चौथ्या पिढीची सुप्रा १९९३ साली आली. तिच्या २जेझेड-जीटीई इंजिनाची ताकद दुप्पट करण्याच्या नादात लोक टर्बो बदलतात, इंजेक्टर बदलतात, टाकीत तासाला २५५ लिटर फेकणारा वॉलब्रो पंप बसवतात. त्या पंपापर्यंत वीज नेणारी वायर मात्र कंपनीने घातलेलीच राहते. त्यात या गाडीत पंपासाठी वेगळा ईसीयू आहे. भार कमी असला की तो पंपाला पूर्ण व्होल्टेज देतच नाही.

गणित साधं आहे. मोठा पंप दाबाखाली १५ अँपिअर ओढतो असं धरा. बॅटरीपासून टाकीपर्यंत पाच मीटर ०.७५ चौरस मिमीची वायर असेल, तर वाटेतच जवळपास १.९ व्होल्ट गळतात. चार चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत हीच गळती ०.३५ व्होल्टवर येते. व्होल्टेज पडलं की पंप मंदावतो. आणि हे नेमकं तेव्हा घडतं, जेव्हा टर्बो पूर्ण भरात असतो आणि इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं. मिक्श्चर लीन होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन वितळतो. मेकॅनिक मग ट्यूनिंगला दोष देतो.

इलाज महाग नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर काढायची, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवायचा आणि ती रिलेच्या ३० नंबरला द्यायची. ८७ वरून पंपाला. पंपाची जुनी वायर ८६ ला जोडली की ती फक्त रिले चालवते, ८५ अर्थिंगला. पंपाची अर्थिंगही तितकीच जाड हवी, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली.

काही जण मात्र रिलेला डॅशबोर्डवरच्या बटणाने चालू करतात. हे करूच नये. इंजिन फिरायचं थांबलं की इंजिनाचा ईसीयू पंप बंद करतो. अपघातात पाइप फुटला, तर बटणावरचा पंप तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओततच राहतो.

टाकीच्या आतली वायर हा आणखी एक दुर्लक्षित भाग. साधं पीव्हीसीचं आवरण पेट्रोलमध्ये राहून कडक होतं, तडकतं. तिथे ईटीएफई किंवा टेफ्लॉनचंच आवरण हवं. भारतातल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे आपल्याकडे ही काळजी अधिकच घ्यायला हवी. टाकीच्या झाकणातली पिनही एवढा करंट पेलणारी आहे ना, हे पाहून घ्यावं. बारीक पिन तापते आणि भोवतालचं प्लास्टिक वितळतं.

काम झाल्यावर पूर्ण भारावर मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग पंपाच्या कनेक्टरवर लावा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसला, तर गाडी ट्रॅकवर नेऊ नका.