कागदाचीही पारख करा



मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची आपली मुले-मुली आता कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या कॉलेजांत शिकतात. वर्षातून एकदा तरी त्यांच्यामागे 'प्रकल्प' लागतो. विषय पुष्कळदा आपल्याच जिल्ह्याचा असतो. मोबाईलवर पहिले सापडेल ते उतरवायचे आणि वही मिटायची, असे बरेच जण करतात. "आम्हाला त्यातले काय कळते?" असे म्हणून आपणही गप्प बसतो.

पण तुम्हाला कळते! बियाण्याची पिशवी घेताना निळी चिठ्ठी आहे ना, जात कोणती, तपासणी केव्हाची, हे तुम्ही पाहताच. लेखालाही तेच विचारावे. लिहिले कोणी? केव्हा? कोणत्या भागाविषयी? कशाच्या आधारावर?

एक उदाहरण घ्या. 'ठाणे हा देशातील सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा' असे वाक्य अजून सापडते. २०११ च्या जनगणनेत ते खरे होते; लोकसंख्या १,१०,६०,१४८ भरली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच जनगणनेप्रमाणे उरलेल्या सात तालुक्यांचे ८०,७०,०३२ लोक होतात. म्हणजे वाक्य खोटे नव्हते, शिळे झाले.

१८८२ चे ठाणे गॅझेटियर मोलाचे आहे. पण त्या वेळच्या जिल्ह्यात कर्जत, पनवेल आणि साष्टीही होती. त्यातले भाताचे क्षेत्र आजच्या ठाण्याशी ताडले, तर 'भात इतके घटले' हा निष्कर्ष फसवा निघेल.

वर्तमानपत्र किंवा आपले हे साप्ताहिक विषयाची ओळख करून देते. तेथून सुरुवात करावी, पण तेथेच थांबू नये. संशोधन पत्रिकेतला लेख छापण्यापूर्वी बहुधा त्या विषयाचे दुसरे जाणकार तपासतात. प्रयोग कोठे, किती हंगाम, कसा केला, हे त्यात लिहिलेले असते. तरीही कर्जतच्या केंद्रावर आलेला उतारा आपल्या वरकस जमिनीत येईलच असे नाही. कंपनीचे माहितीपत्रक वाचावे, पण ते माल खपवण्यासाठी छापलेले असते हे विसरू नये.

मुलांना वाचनालयाची वाट दाखवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारण्यात संकोच नसावा. प्रत्येक माहितीपुढे लेखक, वर्ष आणि पान टिपून ठेवावे. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत, तर एक खोडू नये. दोन्ही देऊन फरकाचे कारण लिहावे. खरा अभ्यास तोच.

हा प्रश्न नुसत्या मार्कांचा नाही. हीच मुले उद्या घरात औषधाची चिठ्ठी, कर्जाचा कागद आणि बियाण्याची जाहिरात वाचून दाखवणार आहेत. कागद पारखता आला नाही, तर अख्खा हंगाम हातचा जाईल.

आज रात्री जेवणे झाली की मुलांची वही मागा आणि हे चार प्रश्न विचारा. या लेखालाही तेच लावून पाहा.