डोंगरातली सायकल

दिवाळीत चिरंजीवांना किंवा कन्येला गिअरची, जाड टायरांची सायकल घेऊन देणार असाल, तर तिच्याबरोबर चार गोष्टीही सांगून ठेवाव्यात. सायकल दुकानात मिळते. उतार मात्र पिंपरी पेंढारसारख्या गावीच शिकावा लागतो. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यानचे हे गाव. डांबरी सोडून मुरमाच्या पाणंदीत शिरले की शहरी ऐट पार उतरते.

चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा. पायात जोर आल्यावर बदलू गेल्यास साखळी कुरकुरते. मुरमाच्या चढावर उभे राहू नये, मागचे चाक जागच्या जागी फिरते. बसूनच जरा पुढे वाकावे.

जिवाशी खेळ असतो तो उतारावर. सीटवरून उठावे, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवावेत, अंग मागे न्यावे. वेग वळणापूर्वी कमी करायचा, वळणात नव्हे. खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक सटकलेच! दोन्ही ब्रेक हलक्या बोटांनी दाबावेत. आणि नजर वाटेवर हवी. ज्या दगडाकडे डोळे वटारून पाहाल, त्याच्यावरच नेमके जाल.

टायरमध्ये हवा डांबरीपेक्षा किंचित कमी, डोक्यावर हेल्मेट. शेवटचे म्हणजे, दिवस मावळायच्या आत परतावे. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात. त्यांच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. बिबट्याला गिअर लागत नाहीत!