पोफळीला दोष देण्याआधी

पोफळी परत लावाव्या की नको, हा प्रश्न आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरकडे अजून कुणी ना कुणी विचारतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने वाड्याच्या वाड्या झोपवल्या, तेव्हापासून पोफळ म्हटलं की माणसं कचरतात. माझं मत, लावाव्या. पण उघड्यावर नको.

त्या दुपारी आमच्या पोफळी मधूनच मोडल्या, कटाकट. माड वाऱ्याला वाकले, झावळ्या एका बाजूला लोटल्या गेल्या, तरी बरेच उभे राहिले. ज्यांचा शेंडा पिळवटला ते मात्र पंचनाम्याला हिरवे दिसले आणि काही महिन्यांनी गेले. माड-पोफळीला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. फणस-रातांब्यांच्या फांद्या फाटल्या, पण त्याच पावसाळ्यात फुटवा आला.

आंब्याचं बघा. पिशवीतून आणून लावलेली माझी कलमं मुळासकट आडवी, शेजारचा रायवळ जागचा हलला नाही. पिशवीत सोटमूळ वळतं, नाहीतर तुटतं. म्हणून आता कोय जागेवरच रुजवतो आणि तिथेच कलम बांधतो. वर्ष-दोन वर्षं जास्त जातात, जाऊ देत.

पण खरा मुद्दा कुंपणाचा. समुद्राच्या अंगाला आजोबांच्या वेळच्या उंड्या होत्या. पर्यटकांना खोलीतून समुद्र दिसावा म्हणून लोकांनी तोडल्या. मीही दोन तोडल्या, खोटं कशाला बोलू? वारा त्याच फटीतून शिरला आणि समोरची पोफळींची रांग घेऊन गेला. उरलेल्या उंड्यांमागच्या बऱ्याच वाचल्या.

वादळानंतरही नुकसान चालूच होतं बरं का. माडांची सावली गेली, तशी वाचलेल्या पोफळींची खोडं उन्हाने भाजून चिरली. पडलेले माड आम्ही तसेच कुजत ठेवले, त्यात गेंड्या भुंगा वाढला आणि उभ्या माडांवर चढला. ती चूक करू नका, ओंडके लगेच हलवा.

पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे घाई होते, मान्य. तरी आधी समुद्राकडे उंडी, मग माड, आणि त्यांच्या आडोशाला केळीच्या सावलीत पोफळ.

उंडीच्या यंदाच्या बिया टोपलीभर आहेत. जवळपासच्यांनी येऊन न्या, पैसे नकोत.