विसखोपऱ्याचं बारसं

आमच्या घरात ‘हल्ली’ हा शब्द जपून वापरावा लागतो. मी पांढुर्ण्याचा, बायको बेळगावची. ‘‘हल्ली स्वयंपाकघरात...’’ एवढं म्हणालो, की पुढचं ऐकायच्या आत सासूबाई झाडू घेऊन उठतात. कानडीत हल्ली म्हणजे पाल, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्याच सासूबाई यंदा उन्हाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला होत्या आणि रोज संध्याकाळी एका पालीची खुशाली विचारत होत्या!

झालं असं, की माझ्या मेव्हणीची मुलगी अमेरिकेत, ओहायोत शिकते. वय चौदा. तिनं बिबट्या पालींची जोडी पाळली आहे. इंग्रजीत लेपर्ड गेको म्हणतात. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, गाजरासारखी जाड शेपटी. ‘‘अज्जी, ही भिंतीवर चढत नाही. हिच्या बोटांना चिकटायच्या गाद्याच नाहीत. आणि बघ, ही डोळे मिटते!’’ फोनच्या पडद्यावर पाल खरोखर डोळे मिचकावत होती. आपल्या घरातल्या पालीला पापणीच नसते, ती जिभेनं डोळा पुसते. हिला मात्र चांगल्या दोन पापण्या.

एप्रिलमध्ये तिच्या मादीनं पहिल्यांदा दोन अंडी घातली. पोरीनं आनंदाच्या भरात ती हातात घेतली, उलटीपालटी करून आईला दाखवली. दोन्ही वाया गेली. पालीच्या अंड्यात गर्भ आतून कवचाला चिकटतो. अंडं उलटलं की तो दगावू शकतो. पोर दोन दिवस जेवली नाही.

मे महिन्यात पुन्हा दोन अंडी आली. या वेळी तिनं ती हलवण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलीनं ठिपका काढला आणि ठिपका कायम वरच राहील अशा बेतानं डब्यातल्या ओलसर भुश्यात ठेवली. मादीची शेपटी बारीक झाली होती, कारण साठवलेली चरबी शेपटीतच असते. म्हणून नराला वेगळ्या पेटीत हलवलं, मादीला कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे खाऊ घातले. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तसंच हे.

‘‘मुलगा की मुलगी?’’ सासूबाईंचा प्रश्न ठरलेला.

‘‘ते उष्णतेवर असतं अज्जी. 26 अंशांवर बहुतेक माद्या होतात, 32च्या पुढेमागे बहुतेक नर, आणि त्याहून वाढलं की पुन्हा माद्या. मी 28वर ठेवलीत. म्हणजे बहुधा मुलीच.’’

सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘पालीला कुणी बोल लावत नाही. आम्ही तीन मुलींपायी तीस वर्षं बोलणी खाल्ली.’’ कुणालाच पुढे काही सुचलं नाही. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हे कॉलेजात शिकवतात. घरात सांगायचं मात्र राहून जातं.

जुलैत आम्ही सौंसरला मामांच्या संत्र्याच्या बागेत गेलो होतो. संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच उघडलेला. आळं साफ करणारा गडी एकदम ओरडला, ‘‘विसखोपरा!’’ मामा काठी घेऊन धावले. ‘‘मार त्याले! चावला तं माणूस पाणी मागत नाही!’’ मामांनी आयुष्यात असे किती मारले असतील, त्यांनाच ठाऊक.

दगडाजवळ वीतभर लांबीचा ठिपकेदार जीव चार पायांवर ताठ उभा होता. काठी वर गेली आणि सासूबाई म्हणाल्या, ‘‘थांबा, थांबा! हल्ली आहे ती. आमची हल्ली!’’ त्याच क्षणी त्या जिवानं डोळे मिटले, उघडले. मामांनीही आदल्याच रात्री आमच्या फोनवर तसंच मिचकावणं पाहिलं होतं. ‘‘अरे, हा तं डोये मिटते!’’ काठी खाली आली. तो संथपणे दगडाखाली निघून गेला.

रंगरूपावरून तो याच कुळातला. जगातली कुठलीही पाल विषारी नाही, ही बिबट्या पालही नाही. ती किडे खाते, म्हणजे बागेची चाकरीच करते. आपल्या सातपुड्यातल्या बिबट्या पालीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ती थेट 2014 साली. झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला सातपुड्याचंच नाव दिलं. म्हणजे शास्त्रानं तिला नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून आपण तिला काठीनं मारत आलो.

भाचीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘काका, घरी आणा ना, पिल्लं होतील!’’ तिला सांगितलं, बाई गं, रानातला जीव रानातच बरा. वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 पासून आहे, तो उगीच नाही. पाळीव पाल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. तुझ्या दोन पिल्लांना दोन पेट्या, रोजचं खाणं, हे सगळं कोण करणार, ते आधी ठरव. जड झाली म्हणून अंगणात सोडायची नाहीत.

52व्या दिवशी दोन्ही अंडी फुटली. अंगावर काळे-पिवळे पट्टे, ठिपके अजून यायचे आहेत. एकीचं नाव सासूबाईंनी फोनवरूनच ठेवलं : चुक्की. कानडीत चुक्की म्हणजे ठिपका. दुसरीचं नाव मामांनी सुचवलं.

‘‘विसखोपरी ठेवा,’’ म्हणाले. ‘‘म्हंजे माह्या ध्यानात राहीन.’’