वर्कशॉपच्या जर्नलात काच का नाही?

फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब आपण सगळ्यांनीच केला. म्हणजे काहींनी केला आणि काहींनी सीनियरचा जुना जॉब पॉलिश पेपरने घासून, वर नवा रोल नंबर ठोकून सबमिट केला. सगळ्याच कॉलेजांत हे चालतं. लोखंड बिचारं काही बोलत नाही. काचेत ही सोय नाही. नवशिक्यांसाठीच्या दोन दिवसांच्या ग्लास ब्लोइंग वर्कशॉपला जाऊन आल्यावर माझं मत पक्कं झालंय की फिटिंग, कारपेंटरी, स्मिथीच्या जोडीला काचेचा एक जॉब अभ्यासक्रमात हवाच.

ग्लास ब्लोइंग म्हटलं की धगधगती भट्टी आणि लांब पोकळ नळी डोळ्यांसमोर येते. आमचं काम लॅबच्या काचसामानाचं होतं. टेबलावर एलपीजी आणि ऑक्सिजनचा बर्नर, हातात बोरोसिलिकेटची नळी. ज्योतीत काच धरली की सोडियमचा पिवळा भडका उडतो, आत काहीच दिसत नाही. डिडिमियमचा चष्मा लावला की तो पिवळा रंग गायब आणि काच स्वच्छ दिसते!

पहिला अर्धा तास फुंकायचं नावच नव्हतं. "आधी फिरवायला शिका," सर म्हणाले. दोन्ही हातांनी नळी एकाच वेगाने फिरवत राहायची. ८२० अंश सेल्सिअसच्या आसपास बोरोसिलिकेट मऊ पडतं. मग एक हात पुढे गेला की नळीला पीळ, आणि फिरवणं थांबलं की नळी लोंबते. फुंकर तर ज्योतीतून बाहेर काढल्यावरच. ज्योतीत असताना जिथे काच पातळ, तिथेच ती जास्त तापते, आणखी फुगते आणि फुटते. बाहेर हवेत उलट होतं. पातळ भाग आधी थंड होऊन कडक होतो, मग जाड भाग फुगायला लागतो आणि फुगा आपोआप एकसारखा होतो. व्हिस्कॉसिटी आणि तापमानाचा तो लॉग ग्राफ मी परीक्षेत काढला होता, मार्कही पडले होते. त्याचा अर्थ मात्र बोटांना इथे कळला.

लिंबाएवढा फुगा झाला की वाटतं, जमलं. मग सर तो पोलॅरिस्कोपखाली धरतात आणि जोडापाशी रंगांचे पट्टे दिसतात. तो आत अडकलेला ताण. साधारण ५६० अंशांवर अॅनिलिंग करून सावकाश थंड केलं नाही, तर रात्री टेबलावर ठेवल्या ठेवल्या 'टिक' होऊन तडा जाऊ शकतो.

आता कोणी म्हणेल, विट्यात काचेचा काय संबंध? आपल्या खानापूर तालुक्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली. मूस, भट्टी, तेजाब यांत त्यांचा जन्म गेला. माझे चुलते तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतात. दिवाळीला ते आले तेव्हा फुगा हातात घेऊन म्हणाले, "ह्यात सवागी घालत्यात का रं?" म्हटलं, काका, या काचेत सुमारे १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं, तेही सवागीतूनच मिळवतात. तर म्हणाले, "मग निम्मं काम आमचंच की!" आणि आपल्या वर्गातली गलाईवाल्यांची पोरं अॅडमिशन फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय नुसता 'बिझनेस' लिहितात. मेटॅलर्जीच्या तासाला अशा एखाद्या वडिलांना का बोलावू नये? रंगावरून भट्टीचं तापमान ओळखणारा माणूस आपल्याला पुस्तकात कुठे भेटणार?

आणि काच तर अगदी शेजारचीच. विट्याहून कऱ्हाडला जाताना स्टेशनजवळ ओगलेवाडी लागते. तिथे औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला, पुढे घराघरात गेलेला प्रभाकर कंदील तिथलाच. कंदिलाच्या काचेला आतून ज्योत आणि बाहेरून पावसाचा थेंब, दोन्ही एकदम सोसायचं असतं. सोपं काम नव्हे. त्याआधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांकडून एकेक पैसा जमवून. तिथे माल निघायचा तसे कारागीरही शिकून बाहेर पडायचे. आज ओगलेवाडीची भट्टी बंद आहे आणि आपण एसटीच्या खिडकीतून नुसती पाटी वाचतो.

"कॅम्पसला काच विचारतात का?" हा प्रश्न मित्रांनी विचारलाच. नाही विचारत. पण संशोधनाच्या लॅबमध्ये हवा तसा काचेचा भाग कॅटलॉगात मिळत नाही, तो कोणीतरी फुंकूनच द्यावा लागतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम कम्युनिटी कॉलेजात याचाच रीतसर अभ्यासक्रम आहे.

आपल्याला तेवढं नकोच. दोन बर्नर, सिलिंडर, चष्मे आणि फर्स्ट इयरच्या प्रत्येक बॅचला दोन प्रॅक्टिकल, एवढीच मागणी. ऑक्सिजन आहे म्हटल्यावर देखरेखीला जाणता माणूस हवा, हे मान्य. नळ्या फुटणार, हेही मान्य. पण केमिस्ट्री लॅबची ब्रेकेज फी आपण भरतोच ना? एकदा तरी ती सत्कारणी लागू दे.