आमटीचा अंदाज

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की घरबसल्या मसाल्यांचा ऑनलाइन धंदा सुरू करतेय. पुढे काय झालं, असं गणपतीत निदान दहा जणांनी विचारलं. तर मंडळी, ऐका.

पहिले चार महिने काहीच झालं नाही. गरम मसाला, चहाचा मसाला, हळद, तिखट, सगळं ठेवलं होतं. जे सगळ्यांना लागतं तेच खपेल, असा माझा हिशेब. पण जे सगळ्यांना लागतं ते इथे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातही मिळतं, तेही माझ्या निम्म्या किमतीत. ९०० पौंड घातले होते. नोकरी सुटताना हातात आलेल्या पैशांतले होते ते. गॅरेजमध्ये गरम मसाल्याची १४० पाकिटं पडून. हे काही बोलले नाहीत, पण पावसात गाडी बाहेर लावताना रोज एकदा गॅरेजकडे बघायचे.

मार्चमध्ये लीड्सहून एका विद्यार्थ्याचा फोन आला. "काकू, गोडा मसाला मिळेल का? थोडाच हवाय. आणि आमटीत किती घालायचा तेही सांगा ना."

म्हटलं, "अरे, आईला विचार."

"विचारलं. ती म्हणते, अंदाजाने घाल."

मी हसले खरी. पण त्याच आठवड्यात मंडळातल्या एका काकूंची इंग्रज सून वही घेऊन घरी आली. सासूबाईंच्या हातची आमटी नवऱ्याला आवडते, आणि त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचा हिला संकोच वाटतो. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोडा मसाला इथे मिळतो, अंदाज मिळत नाही.

मग गरम मसाला बंद. गोड्या मसाल्याचं ४० ग्रॅमचं पाकीट, सात-आठ वेळच्या आमटीपुरतं, आणि सोबत मराठी-इंग्रजी कार्ड. ते कार्ड लिहिताना माझीच परीक्षा झाली. "सुपारीएवढी चिंच" म्हणजे किती ग्रॅम? वजनकाटा घेऊन बसले. वाटीभर तुरीच्या डाळीला दोन छोटे चमचे मसाला, हे ठरेपर्यंत घरच्यांनी चार दिवस आमटीच खाल्ली. लेक म्हणाली, "आई, उद्या पिझ्झा."

पाकीट मुद्दाम चपटं केलंय. जाडी अडीच सेंटीमीटरच्या वर गेली, की रॉयल मेलच्या लेखी ते 'लार्ज लेटर' राहत नाही, पार्सल होतं. टपालखर्च वाढतो, आणि दारातल्या फटीतून आत पडत नाही ते वेगळंच.

कुणाच्या मनात असं काही असेल तर सांगते. घरून खाद्यपदार्थ विकायचे, तर सुरू करण्याच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. पैसे पडत नाहीत. आमच्याकडे तपासणीला आलेल्या बाईंनी हिंगाची डबी फिरवून मागचं वाचलं, तर त्यात गव्हाचं पीठ! वीस वर्षं तो हिंग वापरतेय, कधी वाचलं नव्हतं. इथल्या कायद्यात ॲलर्जीचे १४ घटक आहेत, ते लेबलवर ठळक दाखवावे लागतात. गहू त्यात आहे, आणि मसाल्यातले तीळसुद्धा. आता तांदळाच्या पिठातला हिंग आणते. तीळ मात्र काढता येत नाहीत, मग तो गोडा मसाला कसला?

सध्या महिन्याला ६०-७० पाकिटं जातात. नोकरीएवढे पैसे नाहीत, पण टपालाचा आणि सामानाचा खर्च निघून हातात काही उरतं. मंडळातल्या ज्येष्ठांना किंमत पटत नाही. "एवढ्याशा पुडीचे चार पौंड?" असं एकांनी तोंडावर विचारलं. वाईट वाटलं. पण त्यांना अंदाज येतो, त्यांना माझी पुडी लागतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

गॅरेजमध्ये अजून गरम मसाल्याची ९० पाकिटं आहेत. मुदत मार्चपर्यंत आहे. फराळाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दोन-दोन देणार आहे, नाही म्हणू नका. यांना गाडी आत लावायची आहे.